बुलेटच्या हेडवरचे गेलेले आटे: हेलिकॉइलचा संच आणि उद्यमनगरातला बुश

जुन्या बुलेटच्या सिलिंडर हेडवर कार्बोरेटर ज्या दोन स्टडांवर (डोके नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टांवर) बसतो, त्या स्टडांच्या भोकांतील आटे गेले तरी गाडी बंद पडत नाही. ती चालत राहते, आणि म्हणूनच मूळ दुखणे फार उशिरा उमगते. माझ्या १९८६ सालच्या साडेतीनशे सीसी बुलेटने जवळजवळ वर्षभर मला असेच फिरवले. सकाळी चालू केल्यावर आयडलिंग ठीक, पण इंजिन तापले की फटफट एकदम वाढायची आणि सिग्नलला थांबल्यावर कधी आपोआप मावळायची. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. आणि प्लग काढून पाहावा तर तो विटकरी असण्याऐवजी पांढुरका. जेट बदलून झाले, पॉइंट बदलून झाले, टायमिंग दोनदा लावून झाले. शेवटी एका रविवारी कार्बोरेटर हाताने धरून हलवला, तेव्हा तो फ्लॅंजपाशी, म्हणजे हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीपाशी, दाताच्या दुखऱ्या दाढेसारखा डुलला. उजवीकडचा नट आवळू लागलो तर नट फिरेना, स्टडच फिरू लागला, आणि चार वेढ्यांनंतर स्टड अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कीस अंगावर घेऊन हातात आला.

या दोन भोकांच्या दुरुस्तीसाठी मी दोन गोष्टी वापरल्या: एक, इंटरनेटवरून मागवलेला, कोणत्याही नामांकित कंपनीचा शिक्का नसलेला एम ८ × १.२५ मापाचा (व्यास आठ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर १.२५ मिलिमीटर) वायर इन्सर्टचा, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणाऱ्या तारेच्या वेढ्यांचा संच, ज्याला आपल्याकडे सरसकट हेलिकॉइलचा संच म्हणतात. आणि दुसरी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्यांची सेवा. दोन्हींना आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटून गेला आहे, त्यामुळे दोन्हींविषयी थोड्या खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

संचाकडे वळण्यापूर्वी आटे का जातात, हे सांगणे भाग आहे, कारण संच कोणता घ्यायचा हे त्यावरच ठरते. हेड अ‍ॅल्युमिनियमचे, स्टड पोलादाचा. मऊ धातूत कठीण धातू वारंवार आवळला-सैल केला की मऊ धातूचे आटे झिजणारच. पण बुलेटच्या बाबतीत याहून मोठे कारण वेगळे आहे. मद्रासमध्ये १९५५ साली एन्फील्ड इंडिया उभी राहिली ती इंग्लंडमधील रेडिचच्या कारखान्याच्या आराखड्यांवर, आणि त्या आराखड्यांतील आटे इंची होते: जाड आट्यांचे व्हिटवर्थ, बारीक आट्यांचे बीएसएफ आणि त्याहून बारीक, इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेड. देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, बाजारातले किलो आणि मीटर बदलले, पण बुलेटच्या इंजिनात इंच पुढे कित्येक दशके नांदला आणि नंतरनंतर मेट्रिक बोल्टही त्याच्या शेजारी येऊन बसले. परिणामी एकाच इंजिनात दोन घराण्यांचे आटे सापडतात.

आमच्याकडच्या फिटरांच्या भाषेत पाच सोळांश इंचाचा बोल्ट म्हणजे अडीच सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर, एम ८ चा आठ. डोळ्यांना फरक कळत नाही आणि व्हर्निअरलाही कष्टानेच कळतो. पण अडीच सुती व्हिटवर्थला इंचाला १८ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांतील अंतर) साधारण १.४१ मिलिमीटर, आणि एम ८ ची पिच १.२५. दहा मिलिमीटर खोलीत एकाचे सात आटे बसतात, दुसऱ्याचे आठ. एम ८ चा बोल्ट अशा भोकात दोन-तीन वेढे हाताने जातो, मग अडतो, आणि ‘गंज धरलाय’ असे म्हणून कोणीतरी पान्याला पाइप लावून तो आत दाबतो. माझ्या हेडच्या डाव्या भोकात नेमके हेच झाले होते. कधीकाळी, एका गॅरेजमध्ये, तिथे स्टडऐवजी एम ८ चा बोल्ट ठोकला गेला होता. पुढे तोही सैल झाल्यावर भोक मोठे करून तीन सुती बोल्ट घातला गेला आणि त्याभोवती इपॉक्सी पुट्टी थापली गेली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते; पुट्टी खरवडल्यावर कळले. उजव्या भोकातून निघालेला मूळ स्टड मात्र शाबूत होता. त्याच्या हेडमध्ये जाणाऱ्या टोकावर पिच गेजचे १८ चे पाते नेमके बसले आणि १.२५ चे पाते तिसऱ्याच आट्याला वर उचलले गेले. दहा सेकंदांचे हे काम गाडी ज्याच्या हातात गेली त्या प्रत्येकाने केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. आपल्या बुलेटच्या भोकात याच मापाचे आटे असतील असे कोणी गृहीत धरू नये. चाळीस वर्षांत कोणी काय घातले असेल हे फक्त गेजच सांगतो.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग. तारेचा छेद गोल नसून चौकटच्या पत्त्यासारखा असतो, त्यामुळे तिची बाहेरची धार हेडमध्ये नव्याने पाडलेल्या मोठ्या आट्यांत बसते आणि आतल्या धारेतून मूळ मापाचे आटे तयार होतात. मोकळी असताना स्प्रिंग भोकापेक्षा किंचित जाड असते. बसवण्याच्या दांडीवर चढवून फिरवताना ती आवळली जाते आणि आत गेल्यावर फुलून भोकाला गच्च धरते. अ‍ॅल्युमिनियममध्ये नीट बसलेले असे इन्सर्ट मूळ आट्यांहून अधिक भार सोसते, कारण ओढ आता मोठ्या व्यासाच्या आट्यांवर विभागली जाते आणि आतले आटे पोलादी असल्यामुळे पुन्हा पुन्हा खोलल्याने झिजत नाहीत. विमानांच्या इंजिनांत हे तंत्र दुसऱ्या महायुद्धापासून वापरात आहे, आणि तिथे ते दुरुस्ती म्हणून नव्हे तर नव्या कास्टिंगमध्येच घालतात.

अडीच सुती व्हिटवर्थचे इन्सर्ट मिळतात, पण त्यांचा टॅप (भोकात आटे पाडण्याचे हत्यार) शोधायला कोल्हापूर सोडून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जावे लागेल, असे दोन दुकानदारांनी सांगितले. मी एम ८ चा मार्ग घेतला. मूळ मापाचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण त्यामागे हिशेब आहे. एम ८ च्या हेलिकॉइलसाठी भोक ८.३ मिलिमीटरचे पाडावे लागते आणि जुन्या आट्यांचा बाहेरचा व्यास ७.९४ चाच असतो. म्हणजे ड्रिल फिरले की इंची आटे मुळासकट नाहीसे होतात आणि त्यांची पिच काय होती याने नव्या टॅपला काहीच फरक पडत नाही. पुढे स्टड हरवला तर तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, हा फायदा वेगळाच.

संच हिरव्या प्लॅस्टिकच्या डबीत आला. आत ८.३ चे एक ड्रिल, एक टॅप, इन्सर्ट बसवण्याची दांडी, शेपूट (दांडीच्या खाचेत अडकणारे इन्सर्टचे खालचे टोक) तोडण्याचा पंच आणि दहा इन्सर्ट, लांबी १२ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या दीडपट. किंमत हजाराच्या आत. इन्सर्ट पाहताक्षणी चांगले वाटले आणि वापरल्यावरही चांगलेच ठरले: तारेला बर (खरबरीत कड) नाही, वेढे सारखे, शेपटाची खाच स्वच्छ. टॅपही धारदार निघाला. संचाची खोट ड्रिलमध्ये आहे. मी ते आधी जुन्या गिअरबॉक्सच्या फुटक्या कव्हरच्या तुकड्यावर चालवून पाहिले. ड्रिलचे माप व्हर्निअरवर ८.३ च भरले, पण पडलेले भोक साडेआठच्या पुढे गेले, कारण टोकाच्या दोन धारांपैकी एक लांब आणि दुसरी आखूड घासलेली होती. अशा ड्रिलचे टोक मध्यभागी राहत नाही आणि ते फेर धरून कापत जाते. भोक साडेआठचे झाले की नव्या आट्यांची उंची घटते आणि इन्सर्टची पकड तितकी कमी होते. ते ड्रिल मी बाजूला ठेवले आणि गावातून नावाजलेल्या कंपनीचे एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचे) ड्रिल वेगळे आणले. ज्यांना हा संच घ्यायचा आहे त्यांनी ड्रिलची किंमत वेगळी धरूनच हिशेब करावा.

दुसरी उणीव अधिक त्रासदायक आहे, कारण ती डबीकडे पाहून लक्षात येत नाही. संचात टॅप एकच आहे आणि त्याचे टोक निमुळते आहे. आरपार भोकाला तो पुरतो. परंतु कार्बोरेटरच्या स्टडाचे भोक माझ्या हेडमध्ये बंद तळाचे आहे, आणि निमुळत्या टॅपचे पहिले तीन-चार आटे पूर्ण खोलीचे नसल्यामुळे तळाकडचा भाग अर्धवट राहतो. इन्सर्ट तिथे पोहोचले की अडते, आणि वरचा वेढा भोकाच्या तोंडाबाहेर राहतो. यावर दोनच उपाय आहेत: तळापर्यंत कापणारा बॉटमिंग टॅप वेगळा घेणे, किंवा भोक थोडे अधिक खोल करणे. हेडमध्ये दुसरा उपाय करताना पलीकडे इनटेकचा पोर्ट किती जवळ आहे हे आधी मोजले नाही, तर आट्यांची दुरुस्ती करायला जाऊन हेडच गमवायची पाळी येईल. मी बॉटमिंग टॅप मागवला आणि त्यासाठी दहा दिवस थांबलो.

उजव्या भोकाचे काम मी स्वतः केले. इंजिन फ्रेममध्ये असताना भोकाच्या सरळ रेषेत ड्रिल धरायला मागे जागाच राहत नाही, म्हणून टाकी काढून हेड उतरवले आणि एका मित्राच्या शेडमधील ड्रिल मशिनच्या टेबलावर फ्लॅंजची बाजू वर करून बांधले. हे बांधकाम हीच खरी दुरुस्ती. फ्लॅंजची सपाटी टेबलाशी समांतर आहे की नाही हे चारही बाजूंनी गुण्या लावून पाहण्यात पाऊण तास गेला, आणि प्रत्यक्ष ड्रिलिंगला एक मिनिटही लागले नाही. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टीचा वेढा दिला होता. टॅप मारताना मात्र यंत्र चालवायचे नाही: टॅप चकमध्येच धरावा, म्हणजे तो गुण्यात राहतो, आणि चक हाताने फिरवावी, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, म्हणजे कीस तुटून बाहेर येतो. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेलइतके चांगले वंगण नाही. हल्ली ते सहज मिळत नाही म्हणून मी डिझेल वापरले आणि तेही चालले.

इन्सर्ट बसवताना मी एक चूक केली, ती सांगण्यासारखी आहे. संचातली दांडी साधी आहे, इन्सर्टला बाहेरून आवळून धरणारी नळी तिला नाही, आणि सवयीने मी स्क्रू आवळावा तशी ती खाली दाबत फिरवली. चौथ्या वेढ्याला हाताला एक बारीकसा टिच्‌ असा धक्का जाणवला: तारेच्या एका वेढ्याने एक आटा ओलांडून पुढच्या आट्यात उडी मारली होती. वरून पाहता सारे नीट दिसत होते, परंतु स्टड घातला तेव्हा तो तिथेच येऊन अडला. इन्सर्ट काढण्याचे हत्यार संचात नाही. वरच्या वेढ्याचे टोक टोकदार पकडीने आत वळवून ओढले तेव्हा सगळी तार उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखी बाहेर आली, आणि आश्चर्य म्हणजे हेडमधील आट्यांना धक्काही लागला नाही. दुसरे इन्सर्ट दांडीला वरून अजिबात न दाबता, केवळ फिरवत, तोंडापासून अर्धा वेढा खाली नेऊन बसवले. बंद भोकातली शेपूट तोडल्यावर तिचा तुकडा आत राहू देऊ नये. स्टेनलेसच्या बाबतीत चुंबकाचा भरवसा धरू नये, बारीक तारेच्या टोकाला ग्रीस लावून तो चिकटवून काढावा. माझा तुकडा तिसऱ्या प्रयत्नात निघाला.

हेच इन्सर्ट डाव्या भोकात घालायला गेलो असतो तर फसलो असतो. तिथे आधीच तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचे भोक होते, आणि एम ८ च्या हेलिकॉइलचे बाहेरचे आटे जेमतेम ९.६ पर्यंत पोहोचतात. टॅपला कापायला धातूच उरला नव्हता. त्यातून ते भोक हाताच्या ड्रिलने पाडलेले, डोळ्यांना दिसेल इतके तिरके. अशा वेळी संचाच्या जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, डबी बंद करून लेथवाल्याकडे जावे.

शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली लेथ आहेत; ऑइल इंजिनांच्या आणि फाउंड्रीच्या धंद्यावर वाढलेली ती वसाहत आहे. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचे दुकान एका शटरचे, आत एक जुना लेथ, एक मिलिंग मशिन आणि भिंतीला टांगलेली मापे. हेड हातात घेऊन ते उजेडाकडे गेले, भोकात करंगळी घालून फिरवली आणि म्हणाले, “साहेब, ह्यात कॉइल धरायची न्हाई. तिला बसायला भिंतच ठेवली न्हाई कुणी. बुश करूया.” वेल्डिंग करून भोक भरता येईल का, असे मी विचारले. त्यावर त्यांनी हेडच्या दुसऱ्या बाजूच्या व्हॉल्व्ह सीटकडे बोट दाखवले: चाळीस वर्षे तेल प्यालेले कास्टिंग तापवले की त्यातून बुडबुडे येतात, वेल्ड सच्छिद्र होते, आणि उष्णतेने सीट हलली तर त्या खर्चाला अंत नाही. अनुभवी माणूस पैसे मिळणारे काम स्वतःहून नाकारतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

त्यांनी ईएन ८ प्रतीच्या पोलादाचा बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी, वळला: बाहेरून एम १२ × १.५, आतून एम ८, वरच्या तोंडाला अर्ध्या मिलिमीटरची कड, म्हणजे बुश ठराविक जागी येऊन थांबावा. मिलिंग मशिनवर हेड बांधताना त्यांनी गुण्या वापरला नाही. डायल गेजची सुई फ्लॅंजवर फिरवत राहिले आणि सुई हलायची थांबेपर्यंत खालच्या पत्र्याच्या पट्ट्या बदलत राहिले. जुने भोक तिरके असल्यामुळे ड्रिल त्याच तिरक्या वाटेने घसरले असते, म्हणून आधी एंड मिलने (मिलिंग मशिनच्या, बाजूनेही कापणाऱ्या हत्याराने) १०.५ चे भोक सरळ कोरले आणि मग टॅप मारला. भोकाची जागा उजव्या स्टडपासून मोजून घेतली. कार्बोरेटरच्या फ्लॅंजचे जुने पॅकिंग टेम्प्लेट म्हणून वापरा, असे मी सुचवले होते, ते त्यांनी हसून बाजूला ठेवले, कारण पॅकिंगची भोके ताणलेली होती. बुश थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा गोंद) लावून बसवला आणि त्याची कड फ्लॅंजच्या सपाटीत बुडवून टाकली, इतकी की त्यावरून नख फिरवले तरी अडत नाही.

तक्रार एकच. ‘उद्या संध्याकाळी’ असे सांगितलेले काम पाचव्या दिवशी मिळाले, आणि त्या पाच दिवसांत मी तीन फेऱ्या मारल्या. हेड मोकळ्या बाकावर, फाइलींच्या शेजारी, काहीही न झाकता पडलेले पाहून जीव खालीवर झाला. निदान व्हॉल्व्हच्या बाजूला फडके तरी बांधून द्यायला हवे होते, आणि ते माझ्या लक्षात यायला हवे होते. घरी आणल्यावर पोर्टमधून चमचाभर कीस निघाला. ज्यांना असे काम बाहेर करून घ्यायचे असेल त्यांनी व्हॉल्व्ह काढूनच हेड द्यावे आणि परत आल्यावर ते रॉकेल-डिझेलने धुऊन, प्रत्येक भोकात हवा मारूनच चढवावे. पैसे त्यांनी संचाच्या किमतीपेक्षा थोडे जास्त घेतले, आणि त्यात कार्बोरेटरची फ्लॅंज काचेवर एमरी पेपर ठेवून घासून देणेही आले. ही फ्लॅंज घासणे अत्यावश्यक होते. आटे सैल असताना लोक नट अधिकाधिक आवळतात, त्यामुळे फ्लॅंजचे दोन्ही कान हेडकडे वाकतात आणि मध्यभाग हेडपासून उचलला जातो. मग आटे कितीही चांगले केले तरी हवा आत येतच राहते. माझ्या फ्लॅंजवर पहिल्या दहा घासांत चकाकी फक्त कानांवर आली होती, मध्यभाग काळाच राहिला होता. तिथे मला वर्षभराच्या फटाक्यांचे कारण दिसले.

जोडणीनंतर इंजिन तापवून फ्लॅंजभोवती कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारला. हवा गळत असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. तो बदलला नाही. आयडलिंग स्थिर झाले, प्लगला दोन आठवड्यांत विटकरी रंग आला. त्यानंतर कार्बोरेटर साफसफाईसाठी चार वेळा उतरवला आहे. स्टड मी मुद्दाम जागेवर ठेवतो आणि फक्त नट काढतो, तरीही एकदा दोन्ही स्टड काढून पाहिले: उजव्या भोकातील इन्सर्टचा वरचा वेढा होता तिथेच आहे, डावा बुश हललेला नाही. वापरताना दोहोंत काही फरक कळत नाही. मात्र स्टडाला बुशमध्ये घालताना जो घट्ट, एकसंध स्पर्श होतो, तो तारेच्या इन्सर्टमध्ये नाही. तिथे किंचित खरखर जाणवते. ही खरखर दोष नव्हे, परंतु पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला ती दोषासारखी वाटू शकते.

हाच संच कुठे वापरू नये, हेही अनुभवाने सांगतो. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या ड्रेन प्लगचे आटे गेले असतील तर तारेचे इन्सर्ट घालू नये, कारण तारेच्या वेढ्यांमागून तेलाला मळसूत्री वाट मिळते आणि थेंब थेंब गळती सुरू होते. तिथे भरीव बुशच हवा. स्पार्क प्लगच्या भोकासाठी १४ मिलिमीटरचे वेगळे संच मिळतात, पण हेड न उतरवता ते वापरण्याचा मोह टाळावा, कारण टॅपच्या खाचांत कितीही ग्रीस भरले तरी काही कीस सिलिंडरमध्ये पडतोच. याउलट टायमिंग कव्हर आणि गिअरबॉक्सच्या कव्हरच्या लहान स्क्रूंसाठी हे तंत्र अगदी योग्य आहे. आणि कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्यांनी इन्सर्ट बसवताना आट्यांना गंजरोधक पेस्ट जरूर लावावी. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमच झिजते आणि पांढरी भुकटी होऊन बाहेर पडते.

ज्याच्याकडे ड्रिल मशिन आहे किंवा ते वापरू देणारा मित्र आहे, आणि ज्याच्या भोकाला अजून कोणी हात लावलेला नाही, त्याने हा संच निःशंक घ्यावा, सोबत चांगले ड्रिल आणि बॉटमिंग टॅप घ्यावा. हाताच्या ड्रिलने हेडवर हे काम करण्याचा विचार असेल तर संच घेऊच नये. ते पैसे लेथवाल्याला द्यावेत, आणि एकदा कोणीतरी ‘दुरुस्त’ केलेल्या भोकासाठी तर दुसरा पर्यायच नाही. माझ्या डबीत अजून आठ इन्सर्ट शिल्लक आहेत. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कव्हरचे तीन स्क्रू हल्ली कधीच नीट आवळले जात नाहीत. त्यांच्यासाठी एम ६ चा संच मागवण्यापूर्वी मी ते तिन्ही काढून पिच गेज लावला, आणि त्यांतले दोन इंची, एक मेट्रिक निघाला.